कामाची येणं-देणं वही : नवीन नोकरीत लागलेल्यांसाठी एक साधी सिस्टीम

आमच्या नागपूरच्या टॅक्सच्या ऑफिसात दर जून-जुलैत दोन-चार नवीन पोरं-पोरी लागतात, कोणी बी.कॉम. करून आलेलं, कोणी सीए इंटर देऊन राहिलेलं. पहिला आठवडा सगळे खुश असतात, सीताबर्डीवर ऑफिस, खाली उतरलं की मेट्रो, कोपऱ्यावर तर्री पोहे, अजून काय पाहिजे. तिसऱ्या आठवड्यात सगळ्यांचा चेहरा एकसारखा दिसायला लागतो. काम अवघड आहे म्हणून नाही, एंट्री मारणं महिनाभरात कोणालाही जमतं. काम दहा बाजूंनी येतं म्हणून. सर केबिनमधून आवाज देतात, मॅडम ईमेल टाकतात, गांधीबागचे कापडवाले काका थेट फोन लावतात, हिंगणा एमआयडीसीतले एक भाऊ रात्री साडेदहाला व्हॉइस नोट पाठवतात आणि सकाळी विचारतात "झालं का?", आणि ह्या सगळ्या मालाचं गोदाम म्हणजे तुमचं डोकं.

मी पण असाच होतो. पहिली दोन वर्षं माझी सिस्टीम म्हणजे "राहते न बे लक्षात". नव्हतं राहत.

मग जे जमलं ते मी कुठल्या कोर्समधून शिकलो नाही, इतवारीतल्या एका होलसेल किराणावाल्याच्या गादीवरून उचललं. स्टॉक मोजायला गेलो होतो. त्यांच्याकडे कॉम्प्युटर होता, बिलिंगचं सॉफ्टवेअर होतं, सगळं होतं, तरी शेटजींच्या मांडीशी एक लाल वही पडलेली आणि तिच्यात दोनच गोष्टी, कोणाकडून येणं आहे आणि कोणाचं देणं आहे. मी म्हटलं काका, हे तर कॉम्प्युटरमध्ये आहेच ना. ते म्हणाले, त्यात हिशोब आहे, ह्यात आज कोणाला फोन लावायचा ते आहे.

घरी येताना डोक्यात तेच फिरत होतं. आपण सगळे कामाची जी यादी करतो ना, टू-डू लिस्ट म्हणा काही म्हणा, ती फक्त देण्याची असते. मला काय करायचंय. पण माझं काम अडतं कुठे? टॅक्स भरायचं चलन क्लायंटने भरलं नाही, सरांची सही राहिली, बँकेने स्टेटमेंट दिलं नाही, ओटीपी ज्यांच्या मोबाईलवर येतो ते भंडाऱ्याला लग्नात आहेत. म्हणजे येण्यात. आणि येणं आपण कुठेच लिहीत नाही.

ह्यातून मला बसलेला फटका सांगतो म्हणजे समजेल. एका क्लायंटचं जीएसटीचं काम होतं, ३बी, म्हणजे महिन्याचं रिटर्न, भरायची मुदत २० तारीख. मी १८ लाच सगळं तयार केलं, चलन बनवलं, व्हॉट्सॲपवर पाठवलं आणि डायरीत "चलन" ह्या शब्दावर मस्त काट मारून टाकली, माझं काम झालं म्हणून. त्यांनी ते पाहिलंच नाही. पैसे भरल्याशिवाय ३बी फाईल होत नाही. २४ तारखेला त्यांचा दुसऱ्याच कामासाठी फोन आला तेव्हा मला आठवलं. चार दिवस उशीर, दिवसाला ५० रुपये म्हणजे २०० रुपये लेट फी, आणि ८४,००० टॅक्सवर वर्षाला १८ टक्क्यांनी चार दिवसांचं व्याज साधारण १६६ रुपये. रक्कम काही फार नाही हो. पण सरांनी त्या दिवशी जे ऐकवलं ते सगळ्या ऑफिसने ऐकलं. आणि चूक आळसाची नव्हती, मी काम दोन दिवस आधी केलं होतं! चूक त्या काट मारण्यात होती.

तर आता वही कशी ठेवायची ते सांगतो. मी टॅक्सच्या ऑफिसात आहे म्हणून उदाहरणं तिथली येतील, तुम्ही तुमची टाका.

पहिलं, वही घ्या

२०० पानी लाँगबुक, रुळलेली, पुठ्ठ्याची. स्पायरल नको, स्पायरल बॅगेत अडकते आणि पानं निघतात. भारीतली लेदरची डायरी तर अजिबात नको, तिच्यात खराब अक्षरात लिहायला जीव होत नाही आणि मग लिहिणंच बंद होतं. ही वही घाण व्हायलाच पाहिजे. एक निळा पेन, एक लाल, बस.

ॲपचं विचाराल तर, मी पण तीन-चार वापरून पाहिले. ॲप वाईट नसतात, पण फोन हातात घेतला की आधी व्हॉट्सॲप दिसतं, आणि काम लिहायला घेतलेला माणूस दहा मिनिटांनी कोणाच्यातरी बारशाचे फोटो पाहून राहिलेला असतो. शिवाय सर समोर उभे राहून काही सांगत असताना तुम्ही फोनवर टाईप केलं तर त्यांना वाटतं पोरगा चॅटिंग करतोय. वहीत लिहिलं तर वाटतं ऐकतोय. दोन महिने कागदावर करा, मग हवं तर एक्सेलमध्ये न्या.

वहीची रचना अशी. पुढून उघडली की एक दिवस एक जोडपान, डावं पान कच्च्या नोंदीचं, उजवं पान देण्याचं. वही उलटी करून मागून उघडली की येणं. येणं दिवसाप्रमाणे नाही, सलग, पान भरलं की पुढचं पान. असं का, तर देणं रोज नवीन असतं पण येणं पंधरा-पंधरा दिवस लटकतं, ते रोज नव्याने उतरवत बसलात तर चौथ्या दिवशी वही कपाटात जाईल. माझी गेली होती. दिवसाला दोन पानं धरली आणि मागची पंधरा-वीस येण्याला सोडली तर एक वही साडेतीन महिने जाते.

दुसरं, कच्ची नोंद

जुन्या दुकानांत आधी कच्ची वही असायची, माल गेला की लगेच जसं सुचेल तसं खरडायचं, पक्क्या वहीत नंतर. तसंच. डाव्या पानावर दिवसभर जे काही कानावर, डोळ्यावर येईल ते त्याच क्षणी एका ओळीत. वेळ, कोण, काय. "११.२० मॅडम, ऑडिटची फाईल शोधणे." "१२.०५ गांधीबाग काका, नवीन गोडाऊनचा पत्ता जीएसटीत टाकायचा." महत्त्वाचं आहे का, कोण करणार, कधी करणार, हा विचार इथे करायचाच नाही. अक्षर कसं आहे पाहायचं नाही.

एक गोष्ट मात्र पक्की, काम कुठूनही आलं तरी ह्या पानावरून गेल्याशिवाय पुढे जाणार नाही. दार एकच. व्हॉट्सॲपवर आलं? ओळ लिहा. ईमेल? ओळ. लिफ्टमध्ये कोणी सांगितलं? वर पोचल्यावर पहिली ओळ. व्हॉट्सॲपमध्ये मेसेजला स्टार लावून ठेवायची सवय असेल तर ती मोडा असं नाही म्हणत, पण स्टार म्हणजे नोंद नव्हे, माझ्याकडे एकेकाळी तीनशेच्या वर स्टार झाले होते आणि एकही कधी उघडून पाहिला नव्हता.

ह्याचा अजून एक फायदा आहे जो मला उशिरा कळला. कोणी काम सांगितलं की आपल्या तोंडून आपोआप "हो करतो" निघतं. त्याच्याऐवजी "लिहून घेतो" म्हणायची सवय लावा. "सर, लिहून घेतलं. आज पाहिजे की उद्या सकाळी चालेल?" बस, एवढंच विचारायचं. दहातल्या सात वेळा सर म्हणतात उद्या चालेल. आपण उगाच आजच करायचं समजून घाम गाळत असतो. घाबरू नका, विचारलं म्हणून कोणी रागावत नाही, न विचारता उशीर केला की रागावतात.

डोक्यात ठेवायला काय हरकत आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक गोष्ट. ब्लूमा झायगार्निक नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाई होत्या, त्यांचं १९२७ सालचं संशोधन प्रसिद्ध आहे. सुरुवात अशी झाली म्हणतात की बर्लिनच्या एका हॉटेलात वेटरला बिल व्हायचं बाकी असलेल्या सगळ्या ऑर्डरी तोंडपाठ असायच्या, पैसे मिळाले की साफ विसरायचा. आपल्याकडे सकाळी पोह्याच्या ठेल्यावर उभं राहून बघा, वीस जण उभे, कोणाला तर्री जास्त, कोणाला कांदा नको, कोणी दोन प्लेट घेतल्या, त्या भाऊला सगळं आठवतं आणि पैसे घेतले की तुमचा चेहरा पण आठवत नाही. अर्धवट काम डोक्यात टोचत राहतं, हा त्याचा अर्थ. ठेलेवाल्याचं ते दोन मिनिटांत सुटतं, आपलं वीस दिवस टोचतं, रात्री अकराला फॅनकडे पाहत पडलो की टीडीएस (पैसे देतानाच कापायचा टॅक्स) आठवतो. पुढे २०११ मध्ये मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर ह्या दोघांनी दाखवलं की काम पूर्ण व्हायची गरज नाही, ते कधी आणि कसं करणार हे नक्की ठरवलं तरी टोचणं कमी होतं. म्हणून नुसतं लिहून भागत नाही, पुढची पायरी लागते.

तिसरं, पक्की करणं

दिवसातून दोन वेळा, मी सकाळी साडेअकरा आणि दुपारी चार धरतो, डावं पान घ्यायचं आणि एकेक ओळ वाचून ठरवायचं, हे देणं की येणं. माझ्या हातून काही व्हायचंय तर देणं, उजव्या पानावर. दुसऱ्याकडून काही यायचंय तर येणं, मागच्या पानावर. ज्यात काहीच करायचं नाही अशी ओळ असेल तर फुली मारा आणि सोडा, अशा पण बऱ्याच असतात. उतरवली की कच्च्या ओळीला टिक.

इथे लिहायची पद्धत बदलते. कच्च्यात "हॉटेल पीएफ" एवढं चालतं, पक्क्यात नाही चालत. पक्क्यात क्रियापद आणि तारीख लागतेच. "वर्धा रोडच्या हॉटेलची जूनची हजेरी मागवणे, ८ तारीख." नुसतं "पीएफ" लिहिलेलं पाहिलं की मन म्हणतं नंतर, कारण काय करायचं तेच माहीत नसतं. "हजेरी मागवणे" पाहिलं की हात फोनकडे जातो. ओळ लिहिताना अर्धा मिनिट जास्त जातो, पण तोच विचार नंतर पाच वेळा करावा लागत नाही.

मोठं काम असेल, म्हणजे समजा अख्खं ऑडिट, तर ते देण्यात लिहायचं नाही. "ऑडिट करणे" ही ओळ तुम्ही तीन महिने रोज पुढे ढकलाल. त्यातली फक्त पुढची एक पायरी लिहा, "कॅशबुक एप्रिल ते जून तपासणे".

चौथं, येणं. हे नीट वाचा, बाकी सोडलं तरी चालेल

मागच्या पानावर पाच रकाने आखा. मागितल्याची तारीख, कोणाकडून, काय, कधीपर्यंत देतो म्हणाले, आणि शेवटचा रिकामा रकाना टोकल्याचा. प्रत्येक वेळी आठवण दिली की त्यात एक उभी रेघ.

आणि मुख्य नियम, जो माझ्या त्या चलनाच्या वेळी नव्हता. देण्यातली ओळ काटताना स्वतःला विचारायचं, आता हे कोणाकडे गेलं? कोणाकडे गेलं असेल तर त्याच मिनिटाला येण्यात ओळ उघडायची, नाहीतर काट मारायची नाही. अकाउंट्सवाल्यांना हे सांगायला नको, एकीकडे जमा केलं तर दुसरीकडे नावे पडलंच पाहिजे, ही दुहेरी नोंद लुका पाचोलीने १४९४ सालीच छापून ठेवली आहे. चलन पाठवलं, देण्यातून गेलं. चलन भरल्याची पावती येणं, येण्यात आलं. सरांना फाईल सहीला दिली, सही येणं. बँकेत अर्ज दिला, स्टेटमेंट येणं. एखादं काम खरंच संपलं की दोन्हीकडे काही उरत नाही, असं क्वचित होतं पण झालं की लय बरं वाटतं.

"कधीपर्यंत" हा रकाना कधीच रिकामा ठेवायचा नाही. समोरचा म्हणाला "पाठवतो" तर ते उत्तर नाही. "पाठवतो" म्हणजे आज पण असतं आणि दिवाळीनंतर पण असतं. नम्रपणे तारीख घ्यायची, "काका, ५ तारखेपर्यंत होऊन जाईल ना? तसं लिहून ठेवतो." लिहून ठेवतो म्हटलं की फरक पडतो बाप्पा, करून पाहा.

मेसेज पण धड लिहायचा. "बिलं पाठवा" असा मेसेज म्हणजे समोरच्याने विचार करायचा की कुठली, कधीची, कोणाला, आणि विचार करावा लागला की माणूस टाळतो. मी असं लिहितो : "नमस्कार काका, जून महिन्याची विक्रीची बिलं पाहिजे होती, १ ते ३० जून. मोबाईलवर फोटो काढून पाठवले तरी चालतील. ५ जुलैपर्यंत आली तर ११ च्या आत रिटर्न आरामात होतं." काय पाहिजे, कशा स्वरूपात, कधी, आणि न दिलं तर काय अडतं, चारही गोष्टी आल्या.

टोकायचा क्रम माझा असा आहे. पहिली आठवण मेसेज, ठरलेल्या तारखेच्या एक दिवस आधी, नंतर नाही, आधी. दुसरी आठवण तारीख उलटली की त्याच दिवशी, मेसेजच. तिसरी फोन, मेसेज अजिबात नाही, कारण ज्याने दोन मेसेज वाचून सोडले तो तिसरा पण सोडणार. चौथी रेघ मारायची वेळ आली की सरांना सांगायचं, "सर, ह्यांना तीनदा टोकलं, ४, ६ आणि ७ तारखेला, तुम्ही एकदा बोलता का?" इथे ती वही कामाला येते. तारखा समोर असल्या की विषय तुमच्या आळसाचा राहत नाही. नवीन पोरांचं नेमकं इथेच चुकतं, सरांकडे जायला लाजतात आणि मुदतीच्या दिवशी संध्याकाळी सहाला रडवेले होऊन जातात.

सरांकडचं येणं पण लिहायचं बरं का. त्यांना टोकायला अवघड वाटतं ते समजतं, मी दिवसातून एकदाच जातो, जेवणानंतर, सगळ्या सह्या आणि सगळे प्रश्न एकत्र घेऊन. दर अर्ध्या तासाने केबिनचं दार वाजवणारा कोणालाच आवडत नाही.

तारखांचं पान

पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला महिन्याच्या ठरलेल्या तारखा लिहून टाका. आमच्याकडच्या, जीएसटीच्या दर महिन्याला भरणाऱ्यांच्या धरून : ७ ला टीडीएसचा भरणा, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न), १४ ला २बी (खरेदीवरच्या जीएसटीचं स्टेटमेंट) तयार होतं ते उतरवून घेणं, १५ ला पीएफ आणि ईएसआयसी (कामगारांचा विमा), २० ला ३बी. तिमाहीवाल्यांचं वेगळं, त्यांचं जीएसटीआर-१ तिमाहीनंतर १३ ला आणि महाराष्ट्रातल्यांचं ३बी २२ ला. आगाऊ कर १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. मार्चचा टीडीएस मात्र ३० एप्रिलपर्यंत असतो, त्यात नवीन माणूस दरवर्षी घाबरतो.

प्रत्येक मुदतीसमोर लाल पेनाने "आपली तारीख" लिहायची, तीन-चार दिवस आधीची. २० ची १६, ११ ची ८. आणि त्याच्याही आधी कागद मागायची तारीख. शेवटच्या दिवशी पोर्टल गोल गोल फिरत बसतं हे ज्यांनी एकदा पाहिलं त्यांना जास्त सांगायला नको. कधी मुदतवाढ मिळते, पण ती मिळेल म्हणून बसायचं नाही, आणि ती खरी आहे का हे पोर्टलवरच पाहायचं, ग्रुपवर फॉरवर्ड आलेल्या परिपत्रकावर नाही.

तुमचं काम दुसरं असेल तर तारखा दुसऱ्या. माझी बायको एका शाळेचं ऑफिस सांभाळते, तिच्या पानावर टीसी, बोनाफाईड आणि शिष्यवृत्तीचे फॉर्म असतात. मिहानमधल्या एका आयटी कंपनीतल्या मित्राने सांगितलं की त्यांच्याकडे सगळं तिकिटांवर, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या कामाच्या नोंदींवर, चालतं, त्याला वही लागायची नाही, पण "समोरच्याच्या उत्तराची वाट पाहून राहिलो" असं तिकीट आठ-आठ दिवस कोणी उघडून पाहत नाही. म्हटलं तेच तर येणं.

सकाळ

आल्या आल्या ईमेल उघडू नका. आधी मागचं पान, आज कोणाकोणाला टोकायचंय. ते सगळे फोन आणि मेसेज साडेदहा-अकराच्या आत उरकायचे, कारण तुम्ही लवकर मागितलं तर समोरच्याकडे पाठवायला अख्खा दिवस असतो. नंतर उजवं पान घ्या आणि फक्त तीन ओळींना गोल करा. तीनच. पाच करून पाहिले, सात करून पाहिले, सातमधले तीनच होतात आणि संध्याकाळी चारांचं दुःख होतं. बाकीच्या ओळी राहू द्या, वेळ मिळाला तर होतील.

बाहेरची कामं असतील तर नागपूरचं हवामान धरून चाला, हे कुठल्या मॅनेजमेंटच्या लेखात सापडणार नाही. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या आसपास असताना दुपारी दोनला गाडीवर सिव्हिल लाईन्सला जाऊन आलेला माणूस त्या दिवशी दुसरं काही करत नाही, मठ्ठा पितो आणि स्क्रीनकडे बघत बसतो. बँक, कोर्ट, सरकारी ऑफिस, सगळं सकाळी पहिल्या तासात, आणि दुपार एंट्री-बिंट्रीच्या कामाला. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असलं की विधानभवनाच्या बाजूचे रस्ते मोर्चांनी बंद असतात, तेव्हा त्या भागातली कामं एकाच दिवशी गोळा करून मेट्रोने जा, झिरो माईलला उतरून चालत.

एकट्याने डोकं लावून करायचं काम असेल तर पंचवीस मिनिटांचा टायमर लावायची ती टोमॅटोवाली पद्धत आहे ना, पोमोडोरो, फ्रान्चेस्को चिरिलो ह्यांची, ती बरी आहे. पण आमच्यासारख्या ऑफिसात पंचवीस मिनिटं कोणी आवाज न देता जातील ही अपेक्षा जरा जास्तच, मी पंधरा धरतो. आवाज आला तर कच्च्या पानावर ओळ लिहायची आणि परत.

संध्याकाळी रोजमेळ

दुकान बंद करायच्या आधी गल्ला मोजतात, तसे शेवटचे दहा मिनिटं. डाव्या पानावर टिक नसलेली ओळ राहिली आहे का? उजव्या पानावर जे झालं नाही ते उद्याच्या पानावर उतरवायचं, समोर छोटा "पु." लिहून, पुढे नेलं म्हणून. मग मागचं पान, आज काय आलं ते काटा, उद्या कोणाची तारीख आहे ते बघा. झालं, निघा.

तीन "पु." झालेल्या ओळीचा मात्र निकाल लावायचाच. चौथ्यांदा उतरवायची परवानगी नाही. एक तर ती ओळ फार मोठी आहे, तोडा. नाहीतर तुम्हाला ते काम येत नाही, आणि हे कबूल करायला वेळ लागतो, मी एका टीडीएसच्या नोटीशीचं उत्तर दोन आठवडे पुढे नेत होतो आणि खरं कारण एवढंच होतं की मला ती नोटीस कळलीच नव्हती. मॅडमना विचारलं, दहा मिनिटांत झालं. नाहीतर ते काम करायचीच गरज नाही, मग ज्याने सांगितलं त्याला तसं सांगून काटा, गुपचूप नाही.

पहिल्या आठवड्यात रोजमेळ तुम्ही विसरणार, सहा वाजले की पाय आपोआप जिन्याकडे जातात. मी फोनमध्ये पावणेसहाचा अलार्म लावला होता. एखादा दिवस अख्खा सुटला तर मागचं भरत बसू नका, त्या पानावर आडवी रेघ मारा, नवीन पान उघडा आणि आजपासून लिहा. येणं मागच्या पानावर सलग असल्यामुळे तसंही काही हरवत नाही.

शनिवारी थोडा जास्त वेळ, अर्धा तास. मागच्या पानावरच्या जुन्या ओळी नावाप्रमाणे बघायच्या, म्हणजे खतावणी केल्यासारखं. एकाच क्लायंटच्या चार ओळी अडकल्या असतील तर चार मेसेज करण्यापेक्षा एकदा भेटून यायचं. इतवारी-गांधीबागेत तर भेटून जे काम होतं ते फोनवर होत नाही, चहा पिऊन चारही कागद घेऊनच निघायचं.

एक सावधगिरी, ह्या वहीत पासवर्ड लिहू नका. मला माहीत आहे सगळे लिहितात, प्रत्येक टॅक्सच्या ऑफिसात पोर्टलचे पासवर्ड लिहिलेली एक डायरी असतेच, पण ही वही टेबलावर उघडी पडून राहते, ठेल्यावर जाते, मेट्रोत जाते. क्लायंटचा पॅन, खाते क्रमांक, ओटीपी, काहीच नाही. नाव पण पूर्ण कशाला, "गांधीबाग काका" पुरतं.

आता सुट्टीवर जाताना काय. आपल्याकडे लग्नाच्या सीझनला ऑफिस अर्धं रिकामं असतं, आणि जो जातो तो सोबतच्याला जाता जाता तोंडी सांगून जातो, "ते गांधीबागचं पाहून घेशील". ते नका करू. उजव्या पानाचा आणि येण्याच्या सगळ्या चालू पानांचा फोटो काढून सोबतच्याला पाठवा आणि पाच मिनिटं शेजारी बसून एकेक येणं वाचून दाखवा, ह्यांना दोनदा टोकलंय, ह्यांना फोनच करावा लागतो, ह्यांच्या मुलाला फोन लाव, वडील उचलत नाहीत. परत आलात की त्याने काटलेल्या ओळी आपल्या वहीत काटून घ्या. आणि वही संपली तर नवीन वहीत फक्त न काटलेलं येणं उतरवायचं, जुनी वही आर्थिक वर्ष संपेपर्यंत ड्रॉवरमध्ये ठेवायची, कारण "मी तुम्हाला ३ तारखेलाच दिलं होतं" असं म्हणणारा कोणीतरी ऑक्टोबरात येतोच.